समुद्रातल्या होड्यांची हमी

रुबिना,

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझी जियारत झाली, तेव्हा तुझ्या आईने मला आतल्या खोलीत बोलावून घेतलं. बाहेर बायका कुराण पढत होत्या, कोणीतरी चहाचे कप गोळा करत होतं. जामसंड्याहून आल्यापासून आईची पाठ जमिनीला टेकली नसावी, डोळे तसे झाले होते. माझा हात धरून ती म्हणाली, "सुजाता, एक इचारू? माझ्या चेडवाक शेवटी शेवटी कसलो तरी राग इल्लो. माझ्याकडे बोलूक नाय, आपल्या घोवाकडे, अल्ताफकडे बोलूक नाय. भिंतीकडे तोंड करून पडान रवायची. कोणावर होतो गो तो राग?"

मी काय सांगणार? म्हटलं, "ऑफिसातल्या कामाचो होतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कामाचो? मरतेवेळी?"

तिचा हात माझ्या हातात होता. कंपनीने होड्यांच्या वॉरंटीची तरतूद अर्धी केली म्हणून तिची मुलगी कोणाशी बोलेनाशी झाली, हे त्या माउलीला कोणत्या भाषेत सांगायचं? म्हणून तुलाच लिहिते आहे. तुला तरी समजावून सांगावं लागणार नाही.

आपल्या कंपनीच्या वार्षिक हिशेबाला ज्या टिपा जोडतात, विक्री कधी धरतो, मालसाठ्याची किंमत कशी लावतो, वॉरंटीसाठी काय बाजूला ठेवतो, ती पानं दर वर्षी तू लिहायचीस. ऑडिटर म्हणायचे, मागच्या वर्षीचीच उतरवून टाका, कोण वाचतं? तू प्रत्येक वाक्य नव्याने वाचायचीस आणि मला मोठ्याने वाचायला लावायचीस. फोंडाघाटातून मी मालवणला नोकरीला आले तेव्हा मला समुद्रातलं काही कळत नव्हतं आणि हिशेबातलंही फार नाही. आमच्याकडे भात आणि काजू. काजूची गोणी काट्यावर चढली, व्यापाऱ्याने पैसे दिले की विक्री झाली, एवढंच मी घरात पाहिलेलं. फायबरच्या होड्या आणि मासे ठेवायच्या थंड पेट्या बनवणाऱ्या कंपनीत हिशेबाच्या खोलीत आपण दोघीच. तू मोठी, मी धाकटी. मालसाठा माझ्याकडे, बाकी सगळं तुझ्याकडे.

ती पाडव्याची होडी आठवते? मार्चअखेर होती. होडी रंगून, नाव घालून शेडमध्ये उभी. गिऱ्हाइकाने सगळे पैसे भरलेले, पण न्यायची ती एप्रिलात, पाडव्यालाच, असा त्याचा हट्ट. कंपनीचे मालक, आपले साहेब म्हणाले, "पैसे आले, होडी तयार आहे, या वर्षाची विक्री लिहून टाका."

तू ऑफिसात शुद्ध मराठी बोलायचीस, आणि चिडलीस की जरा जास्तच शुद्ध. "साहेब, आज शेडला आग लागली तर नुकसान कोणाचं? आपलंच ना? मग होडी अजून आपलीच आहे."

"अहो, काय अभद्र बोलता!"

मग साहेबांनी काय करावं? माणसं लावून होडी ओढत गेटाबाहेर रस्त्यावर नेऊन ठेवली. "आता गेली ना आपल्या ताब्यातून?" तू गेटापर्यंत गेलीस, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीट पाहिलंस आणि विचारलंस, "घ्यायला कोण आलंय?" गेटावरचा वॉचमन तोंड फिरवून हसला. साहेबही हसले. तेव्हा ते हसायचे. होडी परत आत आली आणि पुढच्या वर्षाच्या विक्रीत गेली. मी तुला डबा खाताना म्हटलं, "एका म्हयन्यान काय फरक पडता गो?" तू म्हणालीस, "ह्या वर्सा एक म्हयनो, फुडच्या वर्सा दोन. मगे खरा काय ता आमका तरी कळतला काय?"

मालसाठ्यावरून आपलं जास्त वाजायचं, कारण ते माझं राज्य. शेडमध्ये मोजणीच्या दिवशी तू ओढणी कमरेला खोचून माझ्याबरोबर फिरायचीस. फायबर चिकटवायच्या रेझिनची पिंपं उन्हाने घट्ट होतात, मी ती खरेदीच्या किमतीला लावलेली असायची. तू पिंपावर टकटक करून विचारायचीस, "ह्या दगड झालेला कोणाक व्हया?" ती मोठी अर्धवट होडी, जिचं गिऱ्हाईक मधेच मागे फिरलं होतं, तिच्यासाठी मी किती भांडले! लागलेला खर्च तेवढी किंमत, असं माझं म्हणणं. विकली तर काय येईल तेवढीच किंमत, असं तुझं. ती शेवटपर्यंत कोणी घेतली नाही. एक मांजर तिच्यात दर वर्षी व्यायला लागलं. मी सांगितलं होतं, असं तू कधीच म्हणाली नाहीस. फक्त मोजणीच्या दिवशी माझ्या कानाशी यायचीस, "पिल्लां धरून मोजलंस मां?"

माझा संसार मोडला तेव्हा मी तुझ्याच घरी वरच्या खोलीत राहिले. का मोडला, हे तू विचारलं नाहीस. अल्ताफनेही नाही. श्रावणात तुझ्या घरात माझ्यासाठी वेगळं भांडं चुलीवर चढायचं आणि तुझ्या पोरी त्या भाजीला नाकं मुरडत, तरी माझ्याबरोबर बसून तीच खायच्या. याचे आभार मी मानले नाहीत. तुझ्यासमोर असं काही बोलायला गेलं की तू म्हणायचीस, "जेवलंस? मगे ताट उचल."

पण मला वॉरंटीचं लिहायचं आहे. प्रत्येक होडीच्या तळाची कंपनी काही वर्षांची हमी द्यायची. होडी विकली त्याच दिवशी, पुढे होणाऱ्या दुरुस्त्यांसाठी तू अंदाजाने रक्कम बाजूला काढायचीस. साहेबांना ते कधी पटलं नाही. "मोडलीच नाही अजून, खर्च कसला लिहिता?" तुझं उत्तर ठरलेलं असायचं. "साहेब, शब्द ज्या दिवशी दिला त्या दिवशीच खर्च झाला. पैसे फक्त नंतर जाणार."

खाडीपलीकडच्या दत्तारामच्या होडीला तळाशी भेग पडली तेव्हाची गोष्ट. विक्री विभागाने त्याला हाकलून दिलं होतं. खडकावर आपटलीस, ही हमीत बसत नाही म्हणून. तो आपल्या खोलीच्या दारात उभा राहिला, आत यायला तयार नाही, पाय ओले आहेत म्हणे. "बाय, खडकार घालूक माका काय येड लागला?" तू फोरमन गजाननला गाडीत घातलंस, मला घातलंस आणि किनाऱ्यावर गेलीस. गजानन होडीखाली आडवा झाला, भेगेत बोट घालून कडा चाचपल्या. मग उठून म्हणाला, "मॅडम, आपटलेली नाय. फायबरचो थर नीट बसूक नाय. आमचीच चूक." कारखान्याच्या माणसाने आपल्या तोंडाने हे कबूल करणं किती कठीण होतं, हे तुझ्या लक्षात आलं. परतताना तू त्याला पुढच्या सीटवर बसवलंस. होडी दुरुस्त झाली. त्यानंतर किनाऱ्यावरची माणसं विक्री विभागाला विचारेनाशी झाली. कोणाच्या होडीला काही झालं की ग्यारंटीवाल्या बायला सांगा. तू वैतागायचीस, "गॅरंटी वेगळी गो, वॉरंटी वेगळी!" पण ऐकतो कोण?

तुझ्या पोटात गाठ निघाली आणि होड्यांचा धंदा बंद करायचं ठरलं, या दोन्ही गोष्टी एकाच हिवाळ्यात. कोणती आधी कळली, हेही आता माझ्या डोक्यात सरमिसळ झालंय. साहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. पेट्या चांगल्या चालतात, होड्यांत काही उरत नाही, साचे एका माणसाला विकतोय, कारागिरांना हिशेब चुकता करू. ते वाईट माणूस नाहीत, त्या दिवशी त्यांचाही आवाज कातर झाला होता. पण साचे घेणाऱ्याने साचे घेतले, जुन्या होड्यांची हमी घेतली नाही. ती आपल्याकडेच राहिली.

बंद केलेल्या धंद्याचा सगळा जमाखर्च आता एका ओळीत दाखवायचा होता. विक्री, मजुरी, रेझिन, सगळ्याची वजाबाकी करून एक आकडा. मागच्या वर्षीचेही आकडे उचलून त्याच ओळीत न्यायचे. मी ते करायला बसले आणि मला रडू आलं. आपण एवढी वर्षं मोजलं, लिहिलं, भांडलो, ते सगळं एका ओळीत? तू त्या दिवशी दुसऱ्या उपचाराहून परत आलेली, डोक्याला रुमाल बांधलेला. मला वाटलं तूही रडशील. तू खुर्ची ओढलीस. "एका ओळीत येता तर येवंदे. नियमच तसो आसा. ती ओळ खरी आसा काय, ता बघ."

आणि ती खरी राहणार नाही, याची तुला आधीच धास्ती होती.

गोव्याच्या इस्पितळात जाताना बांद्याला आपण चहाला थांबायचो. अल्ताफ गाडी लावायला जायचा तेवढ्यात तू सुरू व्हायचीस. "साहेब तरतूद परत नफ्यात घेवक बगतले. धंदो बंद, म्हणान वॉरंटी बंद. तू सांग त्येंका. धंदो बंद झालो, होडये खंय बंद झालेत? समुद्रातच आसत मां?" मी म्हणायचे, आता ते सोड, तब्येतीकडे बघ. तू चहा तसाच ठेवायचीस. चव लागत नव्हती तुला कशाची. तो कप मी तुझ्यासमोरून उचलून टाकायला न्यायचे आणि वाटायचं, ही बाई कशावर जगतेय? मग वाटायचं, याच्यावरच जगत असेल, बोलू दे.

बैठकीला तू नव्हतीस. तुझं लिहून आलेलं म्हणणं मी वाचून दाखवलं. पुढची वर्षं होड्या समुद्रात राहणार, आपली शेड नाही म्हणून दुरुस्ती बाहेरून करून घ्यावी लागणार, म्हणजे प्रत्येक दुरुस्ती आधीपेक्षा महाग पडणार, म्हणून तरतूद वाढवायला हवी. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "सुजाताबाई, कारागीरच नाहीत तर दुरुस्ती करणार कोण? आणि आपण बंद केलं कळल्यावर लोक येतील तरी कशाला? खर्च कमीच होणार. अर्धी ठेवू."

मी म्हटलं, "लोक येणार नाहीत म्हणून खर्च कमी, हा हिशेब नाही साहेब. हा त्यांना परत पाठवायचा बेत आहे."

 ऑडिटरनी चष्मा पुसला. व्यवस्थापनाचा अंदाज आहे, अगदी अवाजवी म्हणता येणार नाही, असं काहीतरी बोलले. मी माझा विरोध लिहून दिला. तो फायलीला लागला. अर्धी रक्कम नफ्यात आली आणि ती बंद धंद्याच्या त्याच ओळीत जाऊन बसली. ओळ बरी दिसायला लागली.

पुढच्या खेपेला इस्पितळात तू पहिलाच प्रश्न तो विचारलास. कशी आहेस विचारायलाही सवड दिली नाहीस.

"काय झाला?"

अल्ताफ माझ्याकडे बघून मान हलवत होता, सांगू नको म्हणून. पण तुझ्याशी खोटं बोलायची मला सवय नाही. मी सांगितलं.

"अर्धी?"

"अर्धी."

"मगे तू काय केलंस?"

"बोललंय. लिवन दिलंय. आनी काय करू गो? माझ्या हातात काय आसा?"

तू उठून बसायचा प्रयत्न केलास. हाताला सुया, नळ्या. श्वास पुरत नव्हता तरी बोललीस, "माझ्या हातात तरी काय आसा? म्हणान मी गप रवतंय काय?"

आणि भिंतीकडे तोंड केलंस.  अंगात घातलेला इस्पितळाचा झगा मागून उसवला होता, त्यातून तुझी पाठ दिसत होती, इतकी बारीक झालेली. मी झगा सारखा केला. तू हलली नाहीस.

तू माझ्यावर चिडली होतीस, का साहेबांवर, का त्या नळ्यांवर, मला अजून माहीत नाही. पुढच्या खेपेला विचारीन म्हटलं. पुढच्या खेपेला तुझ्या तोंडात नळी होती आणि डोळे मिटलेले. नर्स म्हणाली, बोला, त्यांना ऐकू येतं. मी बोलायला वाकले. बाजूच्या यंत्राचा आवाज येत होता. शेवटी मी पोरींचं सांगितलं. थोरलीच्या परीक्षेचं, धाकटीने केस कापले त्याचं. खरं जे बोलायचं होतं ते त्या यंत्राच्या आवाजात मला सांगवेना. तुझा हात गरम होता. मी दाबला, तू परत दाबला नाहीस.

पुरुष तुला घेऊन गेले तेव्हा आम्ही बायका दारात उभ्या होतो. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. दत्ताराम आला होता, गजानन आला होता, शेडमधले कितीतरी कारागीर, जे आता कोणी गोव्यात, कोणी रत्नागिरीला कामाला लागलेत. साहेब आले. त्यांनी खांदा दिला. परतल्यावर माझ्यासमोर थांबले, काहीतरी बोलायचं होतं त्यांना. "फार प्रामाणिक होत्या," एवढंच म्हणाले. मला तुझ्यासाठी भांडावंसं वाटलं, तिथेच, सगळ्यांच्या समोर. पण त्यांचे डोळे खरेच भरले होते. भरल्या डोळ्यांच्या माणसाशी कसं भांडतात, हे तू मला शिकवलं नाहीस.

आता टिपा मी लिहिते. मासेमारी परत सुरू झाली, वार्षिक हिशेबावर सह्यांची वेळ आली. तुझी जुनी वाक्यं आहेत, ती मी मोठ्याने वाचते, ऐकायला कोणी नाही. वॉरंटीच्या परिच्छेदात व्यवस्थापनाच्या सर्वोत्तम अंदाजानुसार, असं लिहावं लागतं. ते मी लिहिलं. पुन्हा साहेबांकडे गेले, निदान बाहेरच्या कारागिराशी दुरुस्तीचा करार करून ठेवू म्हटलं. ते म्हणाले, तक्रार आली की बघू.

तक्रार परवा आली. देवबागच्या सुगंधाचा ऑफिसात फोन, मागे वाऱ्याचा आवाज. "होडयेक परत पाणी येता. रुबिनाबायक सांगा." तू गेलीस हे मी सांगायच्या आत फोन कटला. परत लावला तर लागेना.

आज सकाळी गेले. गजाननने नव्या नोकरीतून अर्धा दिवस काढला, माझ्या शब्दाखातर. होडी वाळूत आडवी केलेली, सुगंधाचा नवरा तिच्या पलीकडे दोऱ्या सोडवत होता. गजानन वाकून तपासायला लागला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं, मोठं काम आहे. याचा खर्च उरलेल्या तरतुदीतून निघेल, याच्या पुढच्याचा कदाचित निघेल, आणि त्यानंतर जे येतील त्यांना मी काय सांगणार आहे, मला ठाऊक नाही. मी तशीच वाळूत उभी होते.

सुगंधा घरातून कोकम सरबताचे पेले घेऊन आली. एक गजाननला दिला, एक मला. ताटलीत अजून एक होता. तिने माझ्या खांद्यावरून माडांखाली लावलेल्या गाडीकडे पाहिलं. मे महिन्यात आपण इथेच आलो होतो, तेव्हा तुला उतरवत नव्हतं. काच खाली करून तू गाडीतूनच तिच्याशी बोललीस, सरबतही तिथेच घेतलंस. चव लागली म्हणालीस.

"आज पण उतरूक नाय ती? गाडयेतच बसली हा?" सुगंधाने विचारलं.

मी वळून गाडीकडे पाहिलं.

"रवांदे, तिका थयच देतंय," म्हणाली, आणि पेल्यावर हात धरून, वाळू उडू नये म्हणून, ती गाडीकडे चालायला लागली. गजानन होडीखालून बाहेर आला, माझ्याकडे बघत राहिला. मी तिला हाक मारायला हवी होती. ती गाडीपाशी पोचली, वाकली, काचेला डोळे लावून आत पाहिलं. मागच्या सीटवर पाहिलं. मग पेला हातात तसाच धरून ती वळली आणि तिथूनच माझ्याकडे बघायला लागली.